तीन यू आणि एक रेघ

शनिवारी सातला शेवटचा पेशंट गेला,
खांदा निखळलेला, शाळेच्या बॅडमिंटन टीममधला.
रामबागेतल्या आमच्या एक्स-रे सेंटरचं शटर
मी अर्धं ओढलं आणि सर्व्हरसमोर स्टूल घेतलं.

सिल्व्हर मॉलमधून आणलेल्या चार नव्या डिस्क,
पुठ्ठ्याच्या खोक्यात अंड्यांसारख्या मांडलेल्या.
चारही एकदम बदलता येत नाहीत.
एक काढायची, एक घालायची,
उरलेल्या तिघींनी नवीला सगळं सांगेपर्यंत
गप्प बसायचं.

घोडगावकर सरांनी हे मला डबा खाता खाता शिकवलं होतं:
"तिघींना मिळून ठाऊक असतं, चौथी काय बोलली असती.
एकटीला गाठून विचारलंस तर एकही सांगणार नाही."
आणि बोट चाटून पुन्हा भाकरीकडे वळले होते.

जुन्या डिस्कांवर त्यांच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या.
नंबर, तारीख, दुकानदाराचं नाव,
तिसरीवर वेगळंच: "हिला ऊन सोसत नाही."
मी नंबर तीनदा ताडून पाहिला.
चुकीची ओढली तर
चौदा वर्षांतली इंदूरची मोडलेली हाडं
पुन्हा मोडतील, आणि या खेपेला
प्लास्टर घालायला काही उरणार नाही.

आठला पहिली काढली.
पडद्यावर चौकोनी कंसात तीन यू आणि एक रेघ,
दुधाचा दात पडलेल्या पोरासारखी.
खाली टक्के सरकत होते,
एक पूर्णांक दोन, एक पूर्णांक तीन.
बाहेर कुणीतरी सराफ्याला निघालं होतं, हसत.

साडेबाराला चारही यू.
दुसरी पहाटेपर्यंत.
सहाला तोताराम चौकीदार पोहे घेऊन आला,
वर शेव, जिरावण, कागदाला तेलाचा नकाशा.
"अजून नाही झालं?" 
अर्धं झालंय, म्हटलं. तिसरी आत्ताच लावली.

एकाहत्तर टक्क्यांवर तिसरीचं बोलणं अडलं.
म्हणजे तिचं नाही, ती नवी, ती ऐकत होती.
सांगणाऱ्यांतली जी एकच जुनी उरली होती, ती अडखळली.
खट्. थांबली. खट्.
वेग शंभरावरून तीनवर आला.
राहिलेला वेळ: मघाशी दीड तास,
आता दोन दिवस.

बॅकअप आहे माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली.
पण तो मंगळवारचा.
बुधवारपासूनची मनगटं, बरगड्या, तो निखळलेला खांदा
सगळं त्या खटखटीत.
मी काहीच टाइप केलं नाही.
तोतारामनं कॅबिनेटवर तळहात ठेवला,
ताप बघतात तसा,
आणि पंखा आणून लावला.
पोहे गार झाले.
वीस मिनिटं. पंचवीस.
मग एकदम, काही झालंच नाही अशा थाटात,
एकाहत्तर पूर्णांक एक.

तिलाच शेवटी काढलं. हातात घेतली तर कोमट होती.

रविवारी संध्याकाळी पत्र्याच्या डब्यात चार जुन्या,
आत चार नव्या.
मग आज्ञा दिली, पसर.
सहा टेराबाइटची चोवीस झाली,
जिथे जिना होता तिथे गच्ची.
आता एकही तुकडा सरांच्या हातचा नाही.
माहिती विचारली तर तरीही उत्तर आलं:
नाव, शिप्रा. त्यांनीच ठेवलेलं.
जन्म, गुरुवार, एक डिसेंबर दोन हजार अकरा.
वय लपवलं नाही, कमीही केलं नाही.

पुण्याहून फोन आला. मुलाकडे असतात हल्ली,
उजव्या कानानं ऐकतात.
"कुणी राहिलं का जुनं?"
नाही, सर.
"मग ती फाइल उघड."

चाचणीला ते कायम एकच फाइल उघडायचे,
स्वतःच्या छातीचा फोटो, सेंटरच्या पहिल्या आठवड्यातला.
मशीन नवं, घाई,
शर्ट काढायचा राहून गेलेला.
बरगड्या आल्या, पाठीचा कणा आला,
हृदयाची कललेली सावली.

"बटण आहे का?"
आहे, म्हटलं. चौथ्या बरगडीखाली.
पांढरं, वाटोळं, चार भोकांचं.

"मोजलीस का भोकं?"
आणि ते हसले, किंवा लाइन खरखरली.